एका पेल्याचे साठ रोजे

अब्बा, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंनी मला एक साधा प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर मला देता आलं नाही. त्याला आज अकरा दिवस झाले. पोरांच्या वह्या तपासायला घेतल्या की तो प्रश्न मध्ये येतो, नमाजला उभी राहिले की मध्ये येतो. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. मराठी वाचणं तुम्हाला सहीपुरतंच जमलं. पण मला मराठी शाळेत तुम्हीच घातलंत, आणि मनातलं धड सांगायचं म्हटलं की मला हीच भाषा सुचते. म्हणून मराठीतच लिहिते.

मला साखरेचा आजार आहे, हे तुम्हाला माहीत नाही. तुमच्यानंतर लागला. चार वर्षं गोळ्यांवर निभावलं, गेल्या दिवाळीपासून इंजेक्शन सुरू झालं. सेवाग्रामच्या डॉक्टरीणबाईंनी रमजानच्या महिनाभर आधीच सांगितलं होतं की या वर्षी रोजे ठेवायचे नाहीत, आणि बहुधा पुढेही नाहीत. तुमच्या धर्मात आजाऱ्याला सूट आहे ना, असं त्यांनीच मला विचारलं. मी मान हलवली. घरी येऊन तुमच्या जावयांना सांगितलं की डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, फक्त इंजेक्शन थोडं कमी घ्यायचं. किती कमी, ते मीच ठरवलं. अब्बा, दहा वर्षांची असल्यापासून मी एकही रमजान पूर्ण चुकवलेला नाही. बाळंतपणात सुटले तेवढे रोजे थंडीत भरून काढले, तेही मोजून. मला वाटत होतं, माझ्याजवळ स्वतःचं म्हणून काही असेल तर ते हेच आहे.

बोरगाव मेघेहून माझी शाळा स्कुटीवर अर्ध्या तासाची. दोन शिक्षकांची शाळा. पोरांना खिचडी वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची आणि वहीत सही करायची, असा नियम आहे. रमजानात माझ्याऐवजी मुख्याध्यापक चव घेतात, इतकी वर्षं कोणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. सहाव्या रोज्याला ते पंचायत समितीत मीटिंगला गेले होते. बाईंनाच चव घ्यायला सांगावी म्हणून मी स्वयंपाकाच्या शेडमध्ये गेले. बाई गोंड आहेत, माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठ्या, सकाळी शाळेचं रांधून झालं की दुपारी कुणाच्यातरी वावरात निंदायला जातात. चुलीची धग लागली, दरदरून घाम आला, आणि समोरचं पातेलं एकाचं दोन दिसायला लागलं. मी काहीतरी बोलत होते म्हणे, पण शब्द लागत नव्हते. बाईंनी मला भिंतीला टेकवून बसवलं, स्वतःच्या चहासाठी ठेवलेली साखर पाण्यात कालवली आणि पेला माझ्या तोंडाला लावला. त्यांच्या सासूला असंच व्हायचं, म्हणून त्यांना कळलं. बाहेर पोरं ताटल्या घेऊन रांगेत उभी होती, सगळी बघत होती.

भानावर आले तेव्हा जिभेवर गोड होतं. वाचले, असं मनात यायला हवं होतं. मनात आलं, रोजा गेला. आणि मी त्या बाईंना म्हणाले, “तुम्ही माझा रोजा मोडलात.” पोरांसमोर म्हणाले. आवाज चढला होता.

“मरू देतो काय मंग?” एवढंच त्या म्हणाल्या, आणि खिचडी वाढायला गेल्या.

शाळा सुटल्यावर मी माफी मागायला थांबले. त्या भांडी घासत होत्या. राहू द्या म्हणाल्या, जिवाच्या कासाविशीत माणूस काय बोलतो ते धरून बसायचं नसतं. मग पातेलं उपडं घालता घालता त्यांनी विचारलं, “मॅडम, इतके वर्सं तुमी उपाशी राह्यता. त्यातून भेटते काय?”

टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि मी, पंचवीस वर्षं पोरांपुढे तोंड वाजवणारी, स्कुटीची किल्ली चाचपत राहिले. माझ्या मोबाइलवर महिनाभर रोज्याचे फायदे येत असतात. पोटाला विश्रांती मिळते, रक्त शुद्ध होतं, वजन उतरतं. हे सांगायचं तर साखर उतरून मी नुकतीच त्यांच्या चुलीपुढे कोसळले होते. दुसरं उत्तर तोंडापर्यंत आलं होतं, ते आपण सगळेच देतो: उपाशी माणसाची भूक आपल्याला कळावी म्हणून. पण ते मी कुणाला सांगणार होते? ज्या बाईने पावसाळ्याचे रिकामे दिवस पेजेवर काढले, तिला? मी पुढच्या वेळी सांगते म्हणाले आणि स्कुटी काढली.

पुढच्या रविवारी आष्टीला गेले. अम्मी आता भावाकडे असते. तेच आपलं घर, पुढची पडवी तेवढी पाडून भावाने दुकान बांधलंय. त्याला झालेलं कळलं तेव्हा तो म्हणाला, रोज्याच्या बदल्यात रोज एका गरिबाला दोन वेळचं जेवण द्यायचं, फिदया देऊन मोकळी हो. ‘मोकळी हो’ हे शब्द मला लागले. मी म्हणाले, मला मोकळं व्हायचं नाही, मी डोस बदलून बघते, आता थंडीचेच दिवस आहेत, अब्बांनी तर वैशाखात पिंजण चालवत रोजे धरले. अम्मी भिंतीशी बसून तस्बीह ओढत होती. तिचे मणी थांबले.

अब्बा, त्याआधी मला तो वैशाख सांगू द्या, माझ्या बाजूने. मी तो कुणालाच सांगितलेला नाही.

मी दहा संपून अकराव्यात होते, आणि पहिल्यांदाच पूर्ण महिना रोजे धरत होते. भाऊ सहा महिन्यांचा होता. तुम्ही गाद्यांचा कापूस पिंजायला पडवीत धनुष्यासारखं पिंजण टांगून बसायचात. पिंजणाची तात वाजायची, कापूस उडायचा, तुमच्या भुवया आणि मिशा पांढऱ्या व्हायच्या. रोज्यात तोंडाला फडकं बांधायचात, तरी घशात रुई जायची आणि कोरड्या तोंडाने तुम्ही ती थुंकत राहायचात. तेव्हा मी एकदा विचारलं होतं, रोजा काऊन ठेवायचा? तुम्ही तात थांबवली नाही. म्हणालात, “कापूस दबून राह्यला का त्याचा गोळा होते. माणसाचंबी तसंच हाय. सालातून एक महिना पिंजून घ्या लागते.” मला ते फार आवडलं होतं. मी ते मैत्रिणींना माझंच म्हणून सांगायची.

अम्मीला एके दिवशी सकाळपासून उलट्या-जुलाब. आदल्या वर्षी ती पोटुशी होती, त्याच्या आदल्या वर्षी तिचं पोर पोटातच गेलं होतं, दोन्ही वर्षांचे रोजे तिच्या डोक्यावर बाकी होते, आणि गल्लीतल्या बायका ते बोलून दाखवायच्या. डॉक्टर येऊन गेले. मीठ-साखरेचं पाणी लगेच सुरू करा, नाहीतर सलाइनला न्यावं लागेल, बाळाचं दूधही आटेल, असं सांगून गेले. अम्मी ऐकत नाही. भिंतीकडे तोंड करून पडली आहे. तुम्ही तिला समजावता की अल्लाहनेच आजाऱ्याला सूट दिली आहे, अंगावर पाजणाऱ्या बाईला दिली आहे. ती म्हणते, आता मगरिबला, रोजा सोडायला, उरलंच किती? अजून बाराच वाजलेत. पत्रा तापून घरात भट्टी झाली आहे. मी दारात ओला टॉवेल घेऊन उभी. मग अम्मी म्हणते, “तुमाले काय, तुमचा रोजा हाय. घरात मीच एकटी बेरोजा राहू?”

तुम्ही उठलात. माठातून पेला भरलात, त्यात मीठ-साखर घातलीत, खाटेजवळ जमिनीवर बसलात. आणि अर्धा पेला तुम्ही प्यालात. उरलेला अर्धा तिच्यापुढे धरलात आणि म्हणालात, “घे. आता एकटी नाई तू.”

अम्मी रडायला लागली आणि प्यायली. तुम्ही वळलात तेव्हा मी तुम्हाला दिसले. सांगू नकोस, असं तुम्ही म्हणाला नाहीत. तुम्ही माझ्या हातातला टॉवेल घेतलात आणि परत पिळून आणायला पाठवलंत.

गल्लीतल्या ज्या खालाकडे मी कुराण वाचायला जायची, तिला त्याच दिवशी, दिवस कलताना अस्रच्या नमाजनंतर, मी सांगितलं. तिने विचारलं नव्हतं. ती माझं कौतुक करत होती, एवढीशी पोर एवढ्या उन्हात रोजे धरते म्हणून, आणि मला त्यात आणखी भर घालायची होती. मी म्हणाले, मी तर धरते, अब्बा आज पाणी प्यायले. अम्मीचं काहीच सांगितलं नाही. अम्मी आजारी होती हे सांगितलं असतं तर माझं मोठेपण कमी झालं असतं. इतका हिशोबी विचार तेव्हा केला होता की नाही, माहीत नाही. पण सांगितलं एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी जोहरच्या नमाजनंतर मोहल्ल्यातले दोन बुजुर्ग पडवीत आले. मी कापसाचं गाठोडं सोडत होते. त्यांनी तुम्हाला सरळ विचारलं, ऐकतो ते खरं का. तुम्ही पिंजण खाली ठेवून म्हणालात, “खरं हाय. पाणी प्यालो. प्यास लागलती.” ते थांबले, तुम्ही आणखी काही बोलाल म्हणून. तुम्ही पिंजण परत उचललंत. त्या दिवशी संध्याकाळी मी नेहमीसारखी इफ्तारची थाळी घेऊन मशिदीच्या दाराशी गेले, तर दारावरचे चाचा म्हणाले, आज पुष्कळ आलंय, घरी ने. भजी तशीच घेऊन परत आले. माझ्या हातातून थाळी तुम्ही घेतलीत आणि सगळ्यांमध्ये वाटलीत. ईदपर्यंत आपली थाळी पुन्हा गेली नाही.

मी मात्र जास्तच कडक झाले. अम्मी आतल्या खोलीत पडद्याआड जेवायची, तर मी माझी चटई उचलून दुसऱ्या खोलीत नेली. तिच्या ताटाचा वास येतो म्हणाले. त्या दिवशी तुम्ही मला बोललात. सगळ्या आयुष्यात एवढंच काय ते बोललात. “पोट बांधून ठेवलं अन् जीभ मोकाट सोडली. असा रोजा नको ठेवजो बाई. त्यात फक्त उपास असते.” मला वाटलं, स्वतःचा मोडला म्हणून माझ्यावर राग काढताहेत. अब्बा, मी ते मनात धरून ठेवलं. लग्न झालं, पोरगी झाली, तरी धरून ठेवलं. माझे अब्बा तहान लागली म्हणून पाणी प्यायले आणि मी अकराव्या वर्षीही प्यायले नाही, हे माझ्या आत कुठेतरी कायम होतं. अम्मीसाठी प्यायलात हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, तरीही. तुमच्याच तोंडचं ‘प्यास लागलती’ मला जास्त सोयीचं होतं.

आणि ईदनंतर तुम्ही पुन्हा रोजे धरायला लागलात. ईद उलटली आणि लगेच सुरू. मृगाचा पाऊस आला, पेरण्या झाल्या, लोक तुम्हाला लग्नाच्या गाद्या भरायला गावोगाव बोलवत होते, ताटं वाढत होते, आणि तुम्ही हात जोडून नाही म्हणत होतात. एकदा तुमचा डबा तसाच परत आलेला पाहून मी विचारलं, तर मन्नत आहे म्हणालात. मला वाटलं, लोकांना दाखवायला करताहेत. मशिदीतली जागा परत हवी आहे.

तर आष्टीच्या घरी अम्मीचे मणी थांबले ते इथे. ती म्हणाली, मन्नत-बिन्नत काही नव्हती. रमजानचा रोजा जाणूनबुजून, स्वतःला काही आजार नसताना मोडला, तर त्याचा कफ्फारा भरावा लागतो: सलग साठ दिवस रोजे, मध्ये एकही खंड नाही, खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून. आणि मोडलेल्याचा एक वर. बकरीदला रोजा धरता येत नाही, म्हणून साठ दिवस तिच्या आत बसवायचे तर ईद उलटल्या उलटल्या सुरू करणं भाग होतं. तुम्ही आष्टीत कुणाला विचारलं नाही, आर्वीला जाऊन तिथल्या मौलवींना विचारलंत. त्यांनी तुम्हाला दोनदा विचारलं म्हणे, की तुम्हाला स्वतःला काही त्रास होत होता का, चक्कर, भोवळ, काहीही. त्रास होता असं म्हटलं असतंत तर एका रोज्यावर सुटला असतात. तुम्ही नाही म्हणालात. मोहल्ल्यात खरं कारण सांगितलं असतं तर बायांची तोंडं पुन्हा अम्मीकडे वळली असती, म्हणून तिथे तहान सांगितलीत. आणि मौलवींपुढे तहानही सांगितली नाहीत.

“साठ दिवस,” अम्मी म्हणाली, “माह्या एका गलासासाठी. मी म्हटलं मीबी ठेवतो संगं. तर म्हणे, तुले माफी हाय, मले नाई.”

मी विचारलं, मोहल्ल्यात कुणी सांगितलं ते तुम्हा दोघांना माहीत होतं का. तिने मणी पुन्हा ओढायला घेतले. ते ओढता ओढताच म्हणाली, “घरात चौथं कोणी बोलतं होतं काय?”

परत येताना गाडीत मला बसवेना. वर्ध्यापर्यंत दोनदा जागा बदलली. तेव्हापासून घरातही तसंच चाललं आहे. उठते, गॅस लावते, बंद करते. तुमच्यावरचा राग चाळीस वर्षं सांभाळला, तो आता ठेवायला जागा नाही, आणि स्वतःवर घ्यायला गेले तर तोही नीट येत नाही. मधूनच वाटतं, तुम्ही तरी असं का केलंत? मला बसवून दोन थोबाडीत दिल्या असत्या, खरं काय ते सांगितलं असतं, तर मी वेगळी बाई झाले असते. वर्गात पोरांना कमी बोलले असते. चुलीपुढच्या त्या बाईला तसं बोलले नसते.

आणि तुमची शेवटची वर्षं आठवतात. रुईने छाती भरली होती, दम लागायचा. डॉक्टरांनी रोजे बंद सांगितले, तर तुम्ही एका शब्दाने हुज्जत घातली नाहीत. भर रमजानात दुपारी दोनला पडवीत, रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असे बसून भाकर खायचात. मी तेव्हा माहेरी आले होते. मी म्हणाले, निदान आत बसून तरी खा. तुम्ही म्हणालात, “हुकूम त्याचा, अन् सूटबी त्याचीच. एक घ्यायचं अन् एक लपवायचं काऊन?” मला वाटलं, म्हातारपणी माणूस ढिला पडतो. साठ दिवस सलग उपाशी राहिलेला माणूस माझ्यासमोर भाकर खात होता आणि मला तो ढिला वाटला. आता कळतं, तुम्हाला दोन्ही सारखंच होतं: तो म्हणाला थांब, थांबलात, म्हणाला खा, खाल्लंत. मध्ये तुम्ही स्वतः कुठे नव्हतात. मी मात्र प्रत्येक रोज्यात होते. रोज्यातला माझा सगळा वाटा तोच होता, की मी धरते.

बाईंना काय सांगू, अजून ठरत नाही. परवा त्यांनी पुन्हा विचारलं नाही, मीच जवळ जाऊन बसले. म्हणाले, माझ्या वडलांना बहुतेक काहीतरी मिळालं होतं, मला अजून नाही. त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सरकवलं. मग म्हणाल्या, “मंग आता जेवत जा मॅडम. जेवूनबी पाहा.” त्या दिवशी खिचडीची चव मी घेतली आणि वहीत माझी सही केली. मीठ थोडं जास्त होतं, तेही सांगितलं. आता मी रोजे सोडले आहेत, घरी तुमच्या जावयांनाही खरं काय ते सांगितलं, आणि फिदयाचं धान्य भावाच्या हाती दिलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तेव्हा एवढं तरी खरं असू दे. रोजे सोडले असं वर लिहिलं, ते पूर्ण खरं नाही. काल रविवार होता, शाळा नव्हती, तुमचे जावई नागपूरला गेले होते. काल मी रोजा धरला. पहाटे रोज्याची नीयत करताना अल्लाहचं नाव घेतलं, पण मनात तुम्ही होतात. साठातला एक तरी मला फेडता यावा असं वाटलं; एक तरी तुमच्या बरोबरीने. दुपारी तीनला साखर मोजली, आकडा खाली गेला होता, आणि तरी मी आणखी अर्धा तास बसून राहिले. मग उठले, कालवण गरम केलं आणि भाकर खाल्ली. अम्मीला फोनवर सांगितलं की बरी आहे, आराम करतेय. सांगितलं नाही ते हे, की फार दिवसांनी भाकर इतकी चांगली लागली, आणि मी आणखी एक घेतली.